मौजे, शिवार, गट नंबर: आपल्या जमिनीचा पत्ता

भाताची लावणी उरकली का? कंबर जरा टेकली असेल, तर आज निवांत ऐका. आज बचतीचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं बोलणार नाही. आज आपल्या जमिनीच्या पत्त्याबद्दल बोलू.

तुमचं शेत कुठं असं विचारलं, तर कुणी म्हणेल वडाखालचं खाचर, कुणी म्हणेल ओढ्यापलीकडचं, कुणी म्हणेल देवाचा माळ. घरात आणि बांधावर हेच पत्ते चालतात. सरकारी कागदाला मात्र यातला एकही कळत नाही.

माझीच चूक सांगते. गटातल्या एका ताईंचा अर्ज मी भरून दिला. गावाच्या रकान्यात त्यांच्या वाडीचं नाव लिहिलं, कारण आम्ही सगळ्या त्यांना त्या वाडीच्याच म्हणतो. अर्ज परत आला. कागदोपत्री ती वाडी म्हणजे वेगळं गाव नव्हतंच, ती शेजारच्या मौजेचा भाग होती. ताईंचे दोन हेलपाटे आणि दोन दिवसांची मजुरी माझ्यामुळे बुडाली. तेव्हापासून मी आधी सातबारा मागते, मग पेन हातात घेते.

आता हे मौजे म्हणजे काय? जुन्या मराठी कागदांत गावाचा पत्ता असा लिहीत: मौजे अमुक, तर्फ अमुक, परगणा अमुक. बाजारपेठेचं गाव ते कसबा आणि साधं शेतीचं गाव ते मौजे. गावाचा कारभार पाटील-कुलकर्णी बघत आणि परगण्याचा देशमुख-देशपांडे. पुढे तर्फा आणि परगणे गेले, तालुके आणि जिल्हे आले. आपल्या जिल्ह्याचं नावसुद्धा २०२४ साली अहिल्यानगर झालं. वरची नावं बदलली, पण मौजे टिकलं. आजही खरेदीखतात मौजे असंच लिहितात.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. दूर आयर्लंड देशात जमिनीच्या सगळ्यात लहान नावाच्या तुकड्याला टाउनलँड म्हणतात. तिथे असे साठ हजारांवर तुकडे आहेत. त्यांच्यावर पॅरिश, मग बॅरनी, मग काउंटी अशी उतरंड. परदेशी गेलेल्यांची नातवंडं आजोबांचं घर शोधायला येतात, तेव्हा काउंटीच्या नावावर ते सापडत नाही. टाउनलँडचं नाव माहीत असेल, तरच नेमकी जागा कळते. आपलंही तसंच आहे. जिल्हा सांगून शेत सापडत नाही.

मौजेच्या हद्दीतली सगळी जमीन म्हणजे त्या गावाचं शिवार. शिवारातल्या तुकड्यांना नंबर दिले ते इंग्रजांच्या मोजणीने. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताची हद्द ठरली, त्याला सर्व्हे नंबर मिळाला, मातीचा कस पाहून सारा बसला. पुढे १९४७ च्या कायद्याने विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची योजना आली. जिथे ती झाली, तिथे नवे गट नंबर पडले. म्हणून सासऱ्यांच्या जुन्या कागदावर एक नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर दुसरा दिसला, तर लगेच घाबरू नका. जमीन तीच असू शकते. तलाठी कार्यालयात जुने-नवे नंबर जुळवून घ्या.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये जमीन कुणाची ते असतं, बारामध्ये पीक कोणतं ते. क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेलं असतं. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, साधारण अडीच एकर. चाळीस आर म्हणजे जवळपास एक एकर. एवढं लक्षात ठेवलं, तर कुणी आकडा सांगून फसवू शकत नाही.

आता मुख्य गोष्ट. भोगवटादाराच्या रकान्यात तुमचं नाव आहे का? इतर अधिकाराच्या रकान्यात नाव असणं वेगळं आणि भोगवटादार असणं वेगळं. १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्याने स्वतः अर्ज केला, तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. आपल्या महादेव कोळी, ठाकर बायांसाठी हे जास्तच मोलाचं आहे, कारण मुलींना समान हिस्सा देणारा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. नवरा असतानाच नाव लावून घेतलेलं बरं. वनहक्काचा पट्टा असेल, तर २००६ चा कायदा सांगतो की लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा. आपल्या पट्ट्यावर दोन नावं आहेत का, ते बघा.

आणि वाडीचं काय? आपल्या अकोले तालुक्यातली कितीतरी गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांच्या आधारे वाडीला किंवा पाड्याला वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेता येतं. मग तिची स्वतःची ग्रामसभा भरते. त्याने सातबाऱ्यावरचं मौजे बदलत नाही, पण वाडीतल्या बाईला आपलं म्हणणं मांडायला दूर जावं लागत नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या महिन्याच्या बैठकीला बचतीच्या पुस्तकाबरोबर घरचा सातबारा आणा. वाचता येत नसेल, तर शेजारणीच्या मुलीला सोबत आणा. चार गोष्टी वहीत लिहू: मौजे, गट नंबर, क्षेत्र आणि भोगवटादाराचं नाव. त्याखाली तुमच्या खाचराचं घरचं नावही लिहू, म्हणजे पुढच्या पिढीला कागदावरचा नंबर आणि बांधावरची जागा दोन्ही सापडतील.

भेटू बैठकीत. नमस्कार.