तीन पायांवर उभा घोडा

घोडा उभ्याउभ्या झोपतो, हे आपण लहानपणी ऐकतो आणि सोडून देतो. त्यामागे निसर्गाची केवढी कारागिरी आहे हे कळायचं असेल, तर उभ्या घोड्याच्या मागच्या पायांकडे थोडा वेळ नुसतं बघत राहावं. कल्याणजवळच्या खडवलीत भातसा नदीच्या काठी कधीमधी वरातीची एखादी घोडी चरायला बांधलेली दिसते. अंगावर झूल नाही, गोंडे नाहीत, कपाळावर तुरा नाही, नुसती घोडी. ती स्वस्थ झाली की मागचा एक पाय ढिला सोडते. खुराचं फक्त टोक जमिनीला टेकतं आणि त्या बाजूचा पुठ्ठा खाली उतरतो. मागचा सगळा भार आता दुसऱ्या पायावर. काही मिनिटं गेली की ती पाय बदलते. हा पुठ्ठा वर, तो खाली. बाकी घोडी जागची हलत नाही.

भार घेतलेल्या त्या पायात जे घडतं ते थक्क करणारं आहे. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरल्या उंचवट्यावर चढते आणि तिथे दाराला खिट्टी घालावी तशी अडकून बसते. पाय ताठ राहतो आणि तो ताठ ठेवायला स्नायूंना जवळजवळ काहीच करावं लागत नाही. पुढच्या पायांतही कंडरांची आणि अस्थिबंधांची अशीच पक्की बांधणी असते. म्हणून चारपाचशे किलोचा देह एवढ्या बारीक पायांवर तासन् तास पेलून घोडा डुलक्या घेऊ शकतो. गाढ झोपेसाठी मात्र त्यालाही आडवं व्हावंच लागतं, पण दिवसाकाठी थोडाच वेळ.

आणखी एक गोष्ट बघा. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत. स्नायूंच्या आणि कंडरांच्या झोळीत त्याची छाती दोन पायांच्या मध्ये टांगलेली असते. तरी शरीराचं साधारण साठ टक्के वजन हेच पाय वाहतात. पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट आहे. मागच्या पायातला उलट्या दिशेने वाकलेला सांधा म्हणजे टाच. आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर, तेही नखाच्या टोकावर उभा असलेला हा प्राणी आहे. एकदा हे माहीत झालं की घोड्याकडे पूर्वीसारखं बघताच येत नाही.

चित्रकाराची परीक्षा नेमकी इथे होते. न पाहता काढलेला घोडा चारही पायांवर सारखा भार देऊन उभा असतो आणि त्याची पाठ पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. पाहून काढलेल्या घोड्याचा एक पुठ्ठा उतरलेला असतो. असा उतरलेला पुठ्ठा ज्याने आयुष्यभर जीव लावून रंगवला, तो इटलीचा वास्तववादी चित्रकार जोव्हान्नी फात्तोरी.

फात्तोरी १८२५ साली लिव्होर्नो या बंदराच्या गावी जन्मला आणि १९०८ साली फ्लॉरेन्समध्ये वारला. फ्लॉरेन्सच्या काफे मिकेलांजोलोमध्ये जमणाऱ्या तरुण चित्रकारांत तो होता. अकादमीतली गुळगुळीत, गोडगोड चित्रं या मंडळींना नको होती. माक्कियाओली या नावाने त्यांचा गट पुढे इतिहासात गेला. १८५९ साली इटलीच्या एकीकरणाच्या लढाया पेटल्या आणि फ्रेंच फौजेचा तळ फ्लॉरेन्सच्या काशिने मैदानात पडला. फात्तोरी तिथे जाऊन सैनिक आणि घोडी टिपू लागला. त्याच युद्धातल्या माजेंताच्या लढाईवरच्या मोठ्या चित्राची स्पर्धा त्याने जिंकली, पण चित्रात दाखवली ती लढाई संपल्यानंतरची वेळ: जखमींची गाडी, शुश्रूषा करणाऱ्या जोगिणी, दमलेलं सैन्य. युद्धाच्या चित्रात माणसं आणि जनावरं दमलेली दिसावीत, असं वाटणारा हा चित्रकार होता. मला तो आवडतो तो मुख्यतः याचसाठी.

त्याचे घोडेही तसेच आहेत, वाट पाहणारे. १८७२च्या ‘पहाऱ्यावर’ या चित्रात घोडेस्वार आहेत, पांढरी भिंत आहे, ऊन आहे; बाकी काहीच घडत नाही. हे जमायला त्याने केलेली तयारी म्हणजे त्याची तैलरंगातली अभ्यासचित्रं. लाकडाच्या लहान फळ्यांवर एकच घोडा, कधी बाजूने, कधी मागून. पार्श्वभूमी म्हणजे जमिनीची एक पट्टी आणि पायाखालची सावली. अशी चित्रं विकायला किंवा दिवाणखान्यात लावायला केलेली नसतात. डोळ्याला पडलेला एखादा प्रश्न तिथे हाताने सोडवलेला असतो. पूर्ण झालेल्या भव्य चित्रापेक्षा मला अशी एखादी फळी जास्त मोलाची वाटते, कारण चित्रकार काय शोधत होता ते तिच्यावर उघडं दिसतं.

त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आपण शाळेत घोडा काढतो तो आधी रेषेने: पाठ, पोट, पाय, मग आत रंग. फात्तोरी आणि त्याचे सोबती म्हणत, डोळ्याला रेषा दिसतच नाही. दिसतात ते उजेडाचे आणि सावलीचे तुकडे. तेव्हा तेच तुकडे शेजारीशेजारी ठेवायचे. कुमैत घोडा उन्हात उभा आहे असं धरा. त्याचा रंग तपकिरी, हे आपल्याला ठाऊक असतं. पण नीट बघितलं तर पुठ्ठ्याच्या वरच्या भागावर आकाशाची निळसर चकाकी असते. बरगड्यांवर खरा तांबूस रंग दिसतो. पोटाखाली, जिथे काळोख असायला हवा, तिथे तापलेल्या मातीचा पिवळसर उजेड खालून परत येतो. पलीकडचे दोन पाय सावलीत इतके बुडतात की त्यांची कड सांगता येत नाही. हे चार तुकडे त्यांच्या त्यांच्या जागी पडले की घोड्याला आपोआप वजन येतं. एक तुकडा जरा हलला की घोडा कागदी होतो.

सामानही साधं असे. पुष्कळदा फळीला पांढरा थर दिलेलाच नसे. लाकडाचा उघडा बदामी रंग हाच घोड्याच्या अंगावरचा मधला रंग, त्यावर फक्त उजेड आणि काळोख चढवायचा. तपकिरीसाठी लोह असलेली माती, तीही त्याच्याच तोस्काना प्रांतातली. सिएनाची पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती तांबूस होते. आपल्याकडे चित्रकलेचं कुठलंही पोर दुकानात ‘बर्न्ट सिएना’ची ट्यूब मागतं, तो हाच रंग. आणि ती माती ज्यात खलायची ते जवसाचं तेल. विदर्भात ज्या जवसाची चटणी भाकरीबरोबर खातात, तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं. दीडशे वर्षांपूर्वी एका दुपारी फिरवलेल्या कुंचल्याच्या केसांचे ओरखडे त्यामुळेच अजून जसेच्या तसे दिसतात.

उभा घोडा निदान बघता तरी येतो. पळणारा घोडा माणसाला हजारो वर्षं दिसलाच नव्हता. पुढचे दोन पाय पुढे, मागचे दोन मागे, असा हवेत तरंगणारा घोडा युरोपातल्या मोठमोठ्या चित्रकारांनी रंगवला. १८७८च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडले आणि पळत्या घोडीची एकामागून एक छायाचित्रं घेतली. चारही खूर जमिनीवरून सुटतात, हे खरंच निघालं. पण ते सुटतात पाय पोटाखाली गोळा झालेले असतात त्या क्षणी. पाय ताणलेले असताना घोडा कधीच पूर्ण हवेत नसतो. जगभरच्या चित्रशाळांना हा केवढा धक्का बसला असेल!

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८० साली, फात्तोरीने आपला सर्वांत भयंकर घोडा रंगवला. स्वार पडला आहे, त्याचा पाय रिकिबीत अडकला आहे आणि बिथरलेला काळा घोडा त्याला ओसाड रस्त्यावरून फरफटत नेतो आहे. मागे रक्ताची रेघ. चित्र लांबट, आडवं आणि बरंचसं रिकामं. फ्लॉरेन्सच्या पालात्सो पित्तीमध्ये ते आहे. ज्याने वर्षानुवर्षं घोड्याचं स्वस्थ उभं राहणं अभ्यासलं, त्यालाच त्याचं सुटणं असं रंगवता आलं.

घोड्याचा असा अभ्यास आपल्या रेल्वेमार्गावरही झाला आहे. खडवलीहून लोकलने टिटवाळा, आंबिवली, शहाड मागे टाकत कल्याणला पोचलं की आपण शिल्पकार सदाशिव साठे, म्हणजे भाऊ साठे यांच्या गावी येतो. कल्याणचे भाऊ जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. दिल्लीत चांदणी चौकाजवळचा गांधीजींचा पुतळा त्यांनी ऐन तरुणपणी केला. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. २६ जानेवारी १९६१ रोजी त्याचं अनावरण झालं. डोंबिवलीत ‘शिल्पालय’ उभारून त्यांनी आपली शिल्पं एकत्र ठेवली. २०२१ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, ते गेले. त्यांच्याआधी अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर यांनी पुण्यात शिवाजीनगरला मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला, तो १९२८चा.

शिल्पकाराची अडचण चित्रकारापेक्षा वेगळी. मातीचा घोडा स्वतःच्या पायांवर उभा राहतच नाही. ओल्या मातीचं पोट खाली येतं आणि पाय वाकतात. म्हणून आधी लोखंडी सळयांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर माती चढवायची, मग प्लास्टरचा साचा आणि शेवटी ब्राँझचं ओतकाम. ब्राँझ आतून पोकळ असतं, तरी टनांनी भरतं, आणि ते सगळं स्वाराच्या वजनासकट तीनचार बारीक पायांवर तोलायचं. मागच्या दोन पायांवर उभारलेला घोडा तर आणखी कठीण. मॅड्रिडमध्ये राजा चौथा फिलिप याचा असा पुतळा पिएत्रो ताक्का या इटालियन शिल्पकाराने १६४० साली पुरा केला. त्याचा तोल साधायला गॅलिलिओने सल्ला दिला असं सांगतात. पुतळ्याचा पुढचा भाग पोकळ आणि मागचा भरीव ठेवला, आणि शेपटीचाही आधार घेतला. पडत्या वस्तूंचं गणित मांडणाऱ्या माणसाला घोडा पडू न देण्याचं गणित विचारलं गेलं, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. पुतळ्यातल्या घोड्याने एक पाय उचलला असेल तर स्वार जखमी होऊन गेला, दोन उचलले असतील तर रणात पडला, असं मोबाइलवर फिरत असतं. असा कुठलाही नियम शिल्पकार पाळत आलेले नाहीत. पाय किती उचलायचे हे ठरतं तोलावरून, चालीवरून आणि शिल्पकाराच्या मनातल्या घोड्यावरून. हा मनातला घोडा नेहमी खराच असतो असं नाही. मराठ्यांच्या फौजेची भिस्त भीमथडीच्या काटक, बेताच्या उंचीच्या तट्टांवर होती. कॅलेंडरांवरचे घोडे मात्र उंच, अरबी वळणाचे. एखाद्या शिल्पकाराने तसलं खरंखुरं भीमथडी तट्टू ब्राँझमध्ये उभं केलेलं पाहायला मला फार आवडेल.

गेटवेला गेलात तर पुतळ्याचा समोरून फोटो काढून परतू नका. एक फेरी मारा. पुठ्ठा मागून बघा, कोणत्या पायावर भार आहे ते शोधा, पुढच्या पायातलं मनगट आणि मागच्या पायातली टाच ओळखा. फात्तोरीला पलीकडचे पाय सावलीत बुडवता येत होते. त्याच्या फळीला एकच बाजू होती. भाऊंच्या घोड्याला पलीकडची बाजूच नाही. समुद्राकडून, ताजमहाल हॉटेलकडून, रस्त्याकडून, कुठूनही कोणीही येऊन तो पाहणार, आणि दर पावलाला त्याची कड बदलणार. तितक्या सगळ्या कडांमधून तो उभा राहायला हवा होता.