क्यूबिटचा तोल सांभाळताना

चैत्र यात्रेत कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचवतात, तेव्हा दोऱ्या धरणाऱ्यांची नजर शेंड्यावर खिळलेली असते. काठी जराशी कलली की एक दोरी ताणायची, दुसरी सैल सोडायची. राजमणी विजयराघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकेत बर्कलीला क्यूबिटचा तोल असाच सांभाळून दाखवला.

क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचं मूलभूत एकक. त्यात शून्य आणि एक या दोन्ही अवस्था एकत्र नांदू शकतात. मोजायला गेलं की ही अवस्था मोडते. विजयराघवन यांचं काम नेमकं या मोजण्यातलंच. येल विद्यापीठात मिशेल डेव्होरे यांच्या हाताखाली पीएचडी करताना ते अतिक्षीण सूक्ष्मलहरी टिपणाऱ्या वर्धकावर काम करत होते. (डेव्होरे २०२५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.) पुढे बर्कलीत २०११ मध्ये क्यूबिटची एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर पडणारी उडी घडता घडताच टिपली गेली. शून्य आणि एक यांच्यात झुलणाऱ्या क्यूबिटचा ताल आपसूक चुकत जातो. २०१२ च्या प्रयोगात तो सतत, पण अगदी हलक्या हाताने मोजला आणि जिथे चुकला तिथे लगेच सावरला. मोजणं म्हणजे मोडणंच, असं सरसकट सांगितलं जातं. ते इथे अपुरं ठरलं.

त्यानंतर विजयराघवन कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तिथला क्यूबिट म्हणजे अतिवाहक धातूचं सर्किट. त्याचा गाभा म्हणजे अॅल्युमिनियमचे दोन थर आणि मधे ऑक्साइडचा नॅनोमीटरभर पापुद्रा. उष्णतेने क्यूबिट बिथरू नये म्हणून चिप निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या सुमारे शंभराव्या भागाइतक्या तापमानाला ठेवतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पार पडल्याचं जाहीर झालं. आयबीएमने २०२३ मध्येच हजारापुढच्या क्यूबिटची चिप दाखवली होती, तेव्हा आकड्यात आपण फार मागे आहोत. तरी मला हे काम मोलाचं वाटतं. क्यूबिटचा आराखडा आणि घडण दोन्ही कुलाब्यातली, नियंत्रण यंत्रणा पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेची, क्लाउडवरून वापरायची सोय टीसीएसची.

राष्ट्रीय क्वांटम मिशनला ८ वर्षांत ५० ते १००० क्यूबिट गाठायचे आहेत. त्यासाठी समीकरणं सोडवणारे हवेतच, पण सूक्ष्मलहरी सर्किट जुळवणारे, निर्वात पंप आणि अतिशीत यंत्रं सांभाळणारेही तितकेच लागतील. कोल्हापुरात भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनी या कामाकडे आतापासूनच पाहावं.