कॅन्सरची वही कोण लिहिणार?

"डॉक्टर, आपल्याकडे कॅन्सर फार वाढलाय, नाही का?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी माझ्या कानावर येतो. कोणी फवारणीला दोष देतो, कोणी पाण्याला, कोणी तंबाखू-गुटख्याला. तंबाखूबद्दल शंकाच नाही. पण रोग वाढला की नाही, हे अंदाजाने सांगता येत नाही. त्यासाठी मोजावे लागते.

नुसते रुग्णालयातले रुग्ण मोजून भागत नाही. रुग्णालय मोठे झाले, एस.टी.ची सोय झाली, की तेथील गर्दी वाढते. त्यावरून रोग वाढला असे म्हणता येत नाही. आणि जे घरीच दगावले त्यांचा हिशेब कोठे लागणार? म्हणून एक ठराविक भाग घ्यायचा, जनगणनेवरून तेथील लोकसंख्या घ्यायची आणि तेथील रहिवाशाला कोठेही कॅन्सरचे निदान झाले तरी त्याची नोंद करायची. वय, गाव, कोणत्या अवयवाचा कॅन्सर, निदानाची तारीख, अवस्था. एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावे ताडून पाहायची, मृत्यूच्या नोंदीही तपासायच्या. याला कर्करोग नोंदणी म्हणतात. आपण सोयीसाठी तिला 'वही' म्हणू.

अशी वही मुंबईत १९६३ पासून आहे. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि १९८२ पासून मुंबई, बंगळूर व मद्रास येथील नोंदी एकाच पद्धतीने होऊ लागल्या. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागातील वही सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात घेतली. रुग्ण आपण होऊन येत नसत, म्हणून कार्यकर्तेच गावोगावी फिरले. त्यातून दिसले की या गावांतील स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सर्वांत जास्त आहे. कार्यकर्ते येऊन लक्षणे समजावून सांगू लागल्यावर काही वर्षांत लवकरच्या अवस्थेत येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाणही वाढले.

या वहीचे खरे मोल पुढे कळले. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच पकडण्यासाठी कोणती तपासणी चांगली, हे पाहण्याचा मोठा अभ्यास त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. पैसा गेट्स प्रतिष्ठानने दिला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटात एच.पी.व्ही. विषाणूची तपासणी एकदाच झाली, त्यात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ स्त्रिया दगावल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच तपासणी प्रथम पसंतीची ठरवली.

आता विचार करा. कोणाला कॅन्सर झाला, कोण दगावले, हे आठ वर्षे गावोगाव शोधत राहण्याची घडी बार्शीला आधीच बसलेली होती. नोंद घेणारी माणसे तयार होती. ती नसती तर एवढा पैसा येऊनही हे ३४ आणि ६४ कोणी मोजले असते?

अडचण अशी की, वहीला देणगीदार सहसा मिळत नाही. इमारतीची कोनशिला बसते, यंत्राची फीत कापता येते. नोंदणी-कारकुनाच्या दरमहा पगाराला, त्याच्या एस.टी.च्या तिकिटाला आणि संगणकाच्या देखभालीला कोण नाव देणार? संशोधनाचा पैसा तीन-पाच वर्षांचा असतो, प्रकल्प संपला की आटतो. वहीचे तसे चालत नाही. मध्ये दोन वर्षे खंड पडला तर ती पाने पुन्हा भरता येत नाहीत. माणसे गाव सोडतात, केसपेपरला वाळवी लागते, आठवणी पुसट होतात. मग आकडा वाढला की नोंद चुकली, हेही कळेनासे होते. शिवाय वहीचा उपयोग एकट्या रुग्णालयाला नसून सर्वांनाच असतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटते की खर्च दुसऱ्याने करावा. म्हणून रस्ते आणि पाणीपुरवठा यांप्रमाणेच हा खर्चही कायमचा धरला पाहिजे. देशातील फार मोठा भाग अजून अशा वहीबाहेर आहे.

वाचकांनीही थोडा हातभार लावावा. उपचारासाठी पुण्या-मुंबईला गेलात तर नातेवाइकाचा पत्ता कायमचा म्हणून देऊ नका. तसे केले तर आपल्या तालुक्याचा रुग्ण शहराच्या खात्यावर पडतो. आपले गाव आणि तालुका स्पष्ट सांगा. बायोप्सीचा कागद जपून ठेवा. घरात मृत्यू झाल्यास नोंदवताना खरे कारण सांगा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. या नोंदींतली नावे गुप्त ठेवली जातात. बाहेर येतात ते फक्त आकडे. आणि आपल्या भागातील विश्वस्त मंडळी जेव्हा रुग्णालयासाठी वर्गणी मागायला येतील, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: यातले नोंदी ठेवण्यासाठी किती, आणि किती वर्षांसाठी?