घरगुती लाकूडकामातील धूळशोषक यंत्राच्या गाळणीची निगा : एक विवेचन

प्रस्तावना :

घरी लाकूडकामाचा छंद जोपासणारी व्यक्ती गोल पात्याची करवत, रंधायंत्र आणि सँडर यांच्या जोडीला धूळशोषक यंत्र आणते, तेव्हा धुळीचा प्रश्न कायमचा मिटला अशी तिची समजूत होते. जमिनीवर भुसा दिसेनासा होतो आणि ही समजूत अधिकच दृढ होते. परंतु जमिनीवर पडणारा भुसा हा मुळात प्रश्नच नव्हता; तो केरसुणीनेही निघतो. खरा प्रश्न डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा आहे आणि त्यांच्या बाबतीत संपूर्ण यंत्राची भिस्त एकाच भागावर असते, तो म्हणजे गाळणी. यंत्रात सर्वांत दुर्लक्षित राहणारा भागही नेमका हाच. प्रस्तुत लेखात या गाळणीचे कार्य कसे चालते आणि त्यानुसार तिची निगा कशी राखावी, याचे विवेचन केले आहे.

धूळ आणि आरोग्य :

इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यातील हाय विकोम हे गाव खुर्च्या बनविण्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध होते. तेथे काम करणाऱ्या नाक-कान-घसा शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांच्या असे लक्षात आले, की नाकाच्या पोकळीतील एका विशिष्ट व एरवी दुर्मीळ अशा कर्करोगाचे रुग्ण फर्निचर कामगारांमध्ये वारंवार आढळतात. अॅचेसन, मॅकबेथ आदींसह त्यांनी यावर लिहिलेला शोधनिबंध १९६८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२ व्या खंडात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केली.

हे सर्व कामगार कारखान्यांतील होते व दीर्घकाळ दिवसभर धुळीत वावरत होते. रविवारी दोन तास पाट किंवा चौरंग करणाऱ्या व्यक्तीला तेवढाच धोका आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र एका बाबतीत घरगुती कामाची खोली कारखान्यापेक्षा वाईट असते. कारखान्याची शेड उंच व प्रशस्त असते, तर घरातील खोली लहान, बहुधा बंद आणि घराच्या इतर भागाशी जोडलेली असते. शिवाय १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ ने धूळ दूर करण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती. घरातील छंदाच्या खोलीत मात्र निरीक्षक कधीच येत नाही. तेथे मालक, कामगार आणि निरीक्षक एकच व्यक्ती असते.

आपल्याकडील लाकडांचाही येथे विचार करावयास हवा. साग, शिसव, आंबा, बाभूळ ही सर्व वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने रुंदपर्णी, म्हणजेच 'हार्डवुड' या वर्गातील लाकडे होत. सागातील डीऑक्सीलापॅकॉल व शिसवातील डालबर्जिओन ही द्रव्ये त्वचेला अॅलर्जी उत्पन्न करतात. एमडीएफ हा तर स्वतंत्रच विषय आहे. त्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त राळ असते आणि त्याची धूळ इतकी बारीक निघते की गाळणी तुंबविण्यात तिचा हात धरणारे दुसरे काही नाही. धुळीची मर्यादा किती असावी याविषयी युरोपीय महासंघाने जानेवारी २०२३ पासून रुंदपर्णी लाकडासाठी घनमीटरमागे २ मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरविली. एका घनमीटर हवेत चिमटीभरही नव्हे, एवढी ही धूळ.

कण किती वेळ तरंगतो :

साधारण १० मायक्रॉन व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर या वेगाने खाली येतो, म्हणजे एक मीटर अंतर पडण्यास त्याला पाच ते सहा मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर कापण्यास सुमारे आठ तास लागतात. फुप्फुसाच्या खोल भागात जाऊन बसणारे कण साधारणतः ४ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. सायंकाळी काम संपवून, सर्व आवरून, मास्क काढून त्याच खोलीत चहा पिणारी व्यक्ती दुपारी घासलेल्या फळीचीच धूळ श्वासावाटे घेत असते. हवा स्वच्छ दिसते, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

गाळणी म्हणजे चाळणी नव्हे :

निगेच्या बहुतेक चुका एका गैरसमजातून उद्भवतात. गाळणी ही पिठाच्या चाळणीसारखी असून छिद्रापेक्षा मोठा कण अडतो व लहान कण निसटतो, असे मानले जाते. वस्तुतः कापडाच्या धाग्यांमधील अंतर कणांपेक्षा कितीतरी अधिक असते. मोठा कण हवेबरोबर वळू न शकल्याने धाग्यावर आदळतो, मध्यम कण धाग्याला घासून चिकटतो, आणि अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इतस्ततः भरकटत धाग्यापर्यंत पोहोचतो. सर्वांत निसटता कण सर्वांत लहान नसून साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा असतो. हेपा गाळणीची कसोटी ०.३ मायक्रॉनवर ९९.९७ टक्के अशी ठरविली गेली ती याचमुळे. '५ मायक्रॉनची पिशवी' असे नुसते छापलेले असेल आणि त्या आकाराचे किती टक्के कण अडतात हे दिलेले नसेल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कापडाच्या पिशवीत काही तासांच्या वापरानंतर धुळीचा एक पातळ थर जमतो आणि त्यापुढे गाळण्याचे बरेचसे काम कापड नव्हे, तर हा थरच करतो. नवी पिशवी पहिल्या काही दिवसांत बारीक धूळ बाहेर सोडते व नंतर सुधारते, याचे कारण हेच. त्यामुळे दर आठवड्याला पिशवी धुऊन लख्ख करणारा मनुष्य आपल्या समजुतीप्रमाणे निगा राखत असतो, पण वास्तविक दर आठवड्याला ती पुन्हा निकामी अवस्थेत नेऊन ठेवत असतो.

थर वाढत गेला की मात्र दुसरी अडचण सुरू होते. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करताना आँरी दार्सी यांनी वाळूच्या थरातून वाहणाऱ्या पाण्याचा जो नियम १८५६ मध्ये मांडला, तोच स्थूलमानाने येथेही लागू पडतो. प्रवाह दाबफरकाच्या सम प्रमाणात व थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. पंख्याची शक्ती मर्यादित असल्याने थर जाड झाला की हवा कमी वाहते. नळातून भुसा वाहून नेण्यास हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असावा लागतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळासाठी याचा अर्थ ताशी सुमारे ५६५ घनमीटर हवा. वेग याखाली गेला की आडव्या नळात ढलपे साचू लागतात. त्याहूनही वाईट म्हणजे करवतीच्या पात्यापाशी उडणारी बारीक धूळ यंत्रात शिरतच नाही.

तुंबलेली गाळणी धूळ स्वतःतून जाऊ देत नाही, उलट ती अधिकच चांगली गाळते. परंतु तिच्यामुळे धूळ यंत्राच्या तोंडाशीच निसटते. फाटलेली गाळणी हवा उत्तम ओढू देते व धूळ मागच्या बाजूने खोलीत परत पाठविते. दोन्ही दोषांचा शेवट श्वसनमार्गातच होतो. मात्र त्यांची लक्षणे परस्परविरुद्ध असल्याने डोळ्यांनी पाहून निदान होत नाही.

मोजमाप :

म्हणून निगेचा आरंभ झटकण्यापासून नव्हे, तर मोजण्यापासून व्हावयास हवा. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. गवंडी पातळी पाहण्यासाठी जी पारदर्शक नळी वापरतात, तीच इंग्रजी 'यू' अक्षराप्रमाणे वाकवून फळीवर बसवावी, तीत रंगीत पाणी भरावे, एक टोक गाळणीच्या मळक्या बाजूला लहान छिद्रातून जोडावे व दुसरे खोलीत मोकळे सोडावे. यंत्र सुरू असताना दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील फरक म्हणजेच गाळणीवरील दाबफरक. दोन्ही भुजा किमान ३० सेंटिमीटर उंच असाव्यात, अन्यथा पाणी बाहेर उडते.

नवी गाळणी बसविल्यावर पहिल्या दिवशी एक आणि थर जमून पातळी स्थिरावल्यावर दुसरी, अशा दोन खुणा फळीवर कराव्यात. यातील दुसरी खूण महत्त्वाची. दाबफरक त्या खुणेच्या साधारण दुप्पट झाला की सफाईची वेळ आली, असे स्थूलमानाने मानावे. नेमके आकडे यंत्रागणिक बदलतात. नोंद घेताना प्रत्येक वेळी तेच तोंड उघडे असावे व इतर झडपा बंद असाव्यात, कारण प्रवाह बदलला की दाबफरकही बदलतो. शिवाय तुंबलेल्या गाळणीतून प्रवाहच घटत असल्याने नोंद खऱ्या स्थितीपेक्षा थोडी सौम्यच दिसते.

दाबफरक हळूहळू वाढणे हे नैसर्गिक आहे. तो सफाईशिवाय अचानक उतरला, तर मात्र समाधान मानू नये. कापड फाटले आहे, शिवण उसवली आहे किंवा गॅस्केट सरकले आहे, असाच त्याचा बहुधा अर्थ होतो. अशा वेळी खोलीत अंधार करून एका बाजूने प्रखर विजेरीचा झोत गाळणीच्या पृष्ठभागाला समांतर सोडावा व झोताच्या उगमाच्या दिशेने, परंतु प्रत्यक्ष प्रकाश डोळ्यांत येणार नाही अशा बेताने पाहावे. निसटणारी धूळ धुरासारखी दिसते. जॉन टिंडल यांनी १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात धूळ व रोग यांचा संबंध मांडताना प्रकाशझोताने हवेतील कण उघड केले होते. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा निरीक्षक आजही याच तत्त्वावरील धूळदीप वापरतात.

सफाई :

सफाईची बहुतांश गरज मुळात टाळता येते. गाळणी वारंवार तुंबत असेल तर दोष बहुधा तिचा नसून खालच्या पिंपाचा असतो. सायक्लोनमध्ये भोवऱ्याने वेगळा झालेला भुसा पिंपात पडतो. पंखा सायक्लोनच्या पुढे असेल तर पिंपात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, आणि झाकणाच्या फटीतून आत घुसणारी हवा पडलेला भुसा पुन्हा उचलून गाळणीकडे नेते. काडीच्या जाडीची फटदेखील पुरते. पिंप काठोकाठ भरले तरी हेच घडते आणि मग आठवड्यांचा थर काही मिनिटांत जमतो. पिंप दोनतृतीयांश भरताच रिकामे करणे, ही कोणत्याही सफाईपेक्षा अधिक मोलाची सवय होय.

प्रत्यक्ष सफाई यंत्र बंद केल्यावरच करावी. प्रवाह थांबला की थराचा कापडावरील दाब नाहीसा होतो व हलक्या झटक्यानेही वरचा भाग गळून पडतो. यंत्र सुरू असताना झटकल्यास धूळ कापडात अधिक खोल जाते. त्यानंतर खाली उतरलेली धूळ स्थिरावण्यासाठी वीसएक मिनिटे थांबून मगच पिशवी सोडवावी. गादी झोडपावी तशी गाळणी भिंतीवर आपटण्याची पद्धत सर्रास दिसते, ती घातक आहे. चुणीदार गाळणीत चुण्यांच्या कडा सर्वांत आधी झिजतात. तिच्या आत फिरणाऱ्या पात्यांची मूठही घाईने व जोराने फिरवू नये. दाबाखालील हवा वापरायचीच झाल्यास कमी दाबाने, दूर अंतरावरून आणि नेहमी स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे सोडावी. मळक्या बाजूने झोत मारल्यास कण धाग्यांत रुततात व तंतू कायमचे विस्कटतात.

सफाईचा हा अर्धा तास महिन्याभरातील सर्वांत धुळकट अर्धा तास असतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. म्हणून ती उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन व किमान एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावूनच करावी. नाकावर बांधलेला रुमाल येथे उपयोगाचा नाही.

गाळणी धुता येते किंवा नाही हे तिच्या द्रव्यावर अवलंबून असते. कागदी गाळणी पाण्याने फुगते व सुकल्यावर तिचे मूळ गुण परत येत नाहीत. पॉलिएस्टरची गाळणी उत्पादकाने तशी मुभा दिली असल्यास धुता येते, मात्र ती पूर्ण वाळेपर्यंत यंत्र चालवू नये. कोकणात पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर राहते. लाकडाची धूळ ही आर्द्रता शोषून घेते, थर नमद्यासारखा घट्ट होतो व कागदी गाळणीला बुरशी लागते. जून महिन्यापूर्वी सफाई करून घेणे आणि शक्य असल्यास पॉलिएस्टरची गाळणी वापरणे तेथे हितावह ठरते.

गाळणीचे क्षेत्रफळ :

यंत्रासोबत मिळणारी अर्धा मीटर व्यासाची व ८० सेंटिमीटर उंचीची पिशवी साधारण सव्वा चौरस मीटर कापड देते. तिच्याऐवजी ६ चौरस मीटरची चुणीदार गाळणी बसविल्यास कापडातून जाणाऱ्या हवेचा वेग जवळजवळ एकपंचमांश होतो. द्रव्य तेच असेल तर दाबफरकही त्याच प्रमाणात घटतो आणि सफाईची पाळी उशिरा येते. मोठे क्षेत्रफळ हीच सर्वांत स्वस्त निगा म्हणता येईल.

गाळणी मुळात हवीच का, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. थंड प्रदेशांत तापविलेली हवा बाहेर घालविणे परवडत नाही, म्हणून ती गाळून खोलीत परत सोडली जाते. महाराष्ट्रात ही अडचण क्वचितच येते. जागा मोकळी असल्यास सायक्लोननंतरची हवा सरळ बाहेर सोडता येते. मात्र रो-हाऊसच्या वस्तीत ती शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर व खिडक्यांत जाते; तेथे गाळणीला पर्याय नाही.

सफाईनंतरही दाबफरक स्थिर खुणेजवळ उतरत नसेल, तर गाळणीचे आयुष्य संपले असे समजावे. जुनी गाळणी भंगारवाल्याच्या हाती उघडी देऊ नये. जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, पुन्हा दुसऱ्या पिशवीत घालून मगच ती कचरागाडीत द्यावी. खिळा कापताना उडालेली ठिणगी थरात तासन्‌तास धुमसू शकते. त्यामुळे गाळणी काढल्यानंतर आणि पिंप रिकामे केल्यानंतर तो भुसा रात्रभर घराबाहेर, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा.