हरलेल्या बॉक्सरने पुन्हा रिंगमध्ये कधी उतरावे?

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. द्वारका चौफुलीजवळच्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळच्या गर्दीत एक एकोणीस वर्षांचा मुलगा आणि त्याचे मामा आले. मुलगा बॉक्सिंग करतो. आठवड्यापूर्वी एका स्पर्धेत हनुवटीवर ठोसा बसून तो खाली कोसळला आणि लढत तिथेच संपली. शुद्ध "अगदी क्षणभरच" गेली होती, असे मामांचे म्हणणे. आता त्याच प्रतिस्पर्ध्याशी पंधरा दिवसांनी पुन्हा लढत ठरत होती. मामांना माझ्याकडून फक्त तो 'फिट' असल्याचा दाखला हवा होता.

"डॉक्टरसाहेब, गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही. एकदा हिशोब चुकता केला की पोरगं मोकळं," मामा म्हणाले.

मी मुलाला वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगितले. तो सप्टेंबरपाशी अडखळला, पुन्हा ऑक्टोबरवर आला. विचारल्यावर कळले, की रोज संध्याकाळी डोके ठणकते, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे सहन होत नाहीत आणि लढत सुरू कशी झाली तेच आठवत नाही. घरी त्याने यातले काहीच सांगितले नव्हते. मी दाखल्यावर सही केली नाही. मामा नाराज होऊन गेले. त्यांच्यासारखे पालक आणखीही असतील, म्हणून आज हा विषय.

हरलात, पण कशाने?

पराभव झाला की "पुन्हा लढायचे का?" हा प्रश्न मानापमानाचा होऊन बसतो. डॉक्टर म्हणून मी आधी वेगळाच प्रश्न विचारतो : हरला कशाने? गुणांवर हरला असेल, दम कमी पडला असेल, डावा हात खाली राहत असेल, तर त्यावर सराव हे औषध आहे. पण डोक्याला मार लागून हरला असेल, तर तो पराभव नंतर, आधी ती दुखापत आहे. दुखापतीवर सराव हा उपाय नव्हे.

डोक्यात नेमके काय होते?

मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. पाण्याने भरलेले पातेले एकदम फिरवून थांबवा. पातेले थांबते, पाणी फिरतच राहते. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके असेच गर्रकन फिरते आणि आतल्या नाजूक तंतूंना ताण बसतो. पेशींमधले क्षारांचे संतुलन बिघडते. ते सावरायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. याला वैद्यकात 'कन्कशन' म्हणतात. शुद्ध न हरपताही ते होऊ शकते.

"सिटी स्कॅन नॉर्मल आला, मग काय झाले?" असे अनेकजण विचारतात. स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते. पेशींमधला हा बिघाड त्यात दिसत नाही. हेडगार्डचेही तसेच. त्याने भुवई फुटणे टळते, मेंदूचे हलणे टळत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवायच लढले.

खरा धोका दुसऱ्या ठोशाचा. पहिला मार भरून येण्याआधी पुन्हा मार बसला, तर क्वचित प्रसंगी मेंदूला झपाट्याने सूज येते आणि जीवावर बेतते. हे प्रामुख्याने तरुण खेळाडूंमध्ये दिसले आहे. दुसरा धोका सावकाश येणारा. १९२८ मध्ये अमेरिकेतील डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी जुन्या बॉक्सरमध्ये अडखळती चाल, मंद झालेली बुद्धी अशी लक्षणे नोंदवली. वर्षानुवर्षांच्या ठोशांचा हा साठलेला हिशोब असतो आणि त्यात सरावातले ठोसेही धरले जातात.

महंमद अलीचे उदाहरण

महंमद अली १९७१ मध्ये जो फ्रेझरकडून गुणांवर हरला. १९७४ मध्ये त्याने फ्रेझरला हरवले. १९७५ मध्ये मनिला येथे दोघे तिसऱ्यांदा भिडले. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरला डोळ्यांनी नीट दिसेना. पंधराव्या फेरीसाठी तो उठू पाहत होता, पण त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. एका फेरीवर आलेली लढत सोडायला जे धैर्य लागते, ते मला ठोशापेक्षा मोठे वाटते.

अलीला मात्र थांबता आले नाही. १९७७ मध्ये त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी, सल्ला ऐकला जात नाही म्हणून, त्याची साथ सोडली. १९७८ मध्ये तो लिऑन स्पिंक्सकडून हरला आणि सात महिन्यांनी त्याने तो पराभव फेडलाही. पुढे १९८० मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, लॅरी होम्ससमोर त्याची दैना झाली. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनसारखा आजार असल्याचे निदान झाले. तो केवळ बॉक्सिंगमुळेच झाला काय, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. पण इतके ठोसे मेंदूला मानवले असतील, असे कोणीही म्हणणार नाही.

आपले खाशाबा

पुन्हा लढूच नये, असे मी म्हणत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटवरची कुस्ती नवी होती. चार वर्षे त्यांनी तयारी केली, वरच्या वजनगटात गेले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्ती आणि बॉक्सिंग यांत फरक आहे, कुस्तीत डोके हे लक्ष्य नसते. पण खाशाबांनी पराभवाचे कारण शोधले आणि त्यावर पुरेसा वेळ दिला, हे दोन्हीकडे लागू पडते. त्याच हेलसिंकीत जपानच्या मल्लाशी लांबलेल्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना पुन्हा उतरावे लागले आणि ते हरले, असे सांगतात. विश्रांती हा खेळाचाच भाग आहे, तो असा.

पालकांनी आणि वस्तादांनी काय करावे?

१. डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, तो कितीही "ठीक आहे" म्हणाला तरी.

२. उलट्या, वाढती डोकेदुखी, फिट, हातापायात कमजोरी, असंबद्ध बोलणे, जाग न येणारी गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

३. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल व टीव्ही कमी. वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत. अ‍ॅस्पिरिनसारख्या काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

४. नंतर पायरीपायरीने : चालणे, हलके धावणे, दोरी, बॅगवर सराव. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. त्रास पुन्हा वाढला तर एक पायरी मागे. समोरासमोर ठोसेबाजी सर्वांत शेवटी आणि डॉक्टरांनी तपासल्यावरच.

५. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही डोक्यावरच्या ठोशाने बाद झालेल्याला किमान ३० दिवस लढत आणि सरावातली ठोसेबाजी बंद असते. शुद्ध हरपली असेल किंवा असे वारंवार घडले, तर मुदत आणखी वाढते.

६. लढतीसाठी उपाशी राहून, घाम गाळून झटपट वजन उतरवू नये. पाणी कमी झालेले शरीर मार सोसत नाही.

दोन वेळा बाद झालेल्या, विसरभोळेपणा किंवा चिडचिड वाढलेल्या खेळाडूने मात्र "कधी लढू?" याऐवजी "लढावे का?" हेच मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे.

तो मुलगा गेल्या आठवड्यात पुन्हा आला, या वेळी एकटाच. ती लढत झालीच नाही. डोकेदुखी महिनाभराने थांबली होती. बारा महिने त्याने उलटे धडाधड म्हणून दाखवले आणि विचारले, "आता उतरू का?" मी म्हटले, "डोके बरे झाले आहे. पण तो ठोसा तुला का बसला, ते वस्तादांना विचारलेस का?" तो हसला. "डावा हात खाली राहतो," म्हणाला. मग आधी तो हात वर येऊ दे, एवढेच मी त्याला सांगितले. मामांनाही निरोप दिला आहे : हिशोब पुढेही चुकता करता येईल, डोके मात्र दुसरे मिळत नाही.