अंडाशयाचा कर्करोग : पेशींमधली उत्क्रांती

वणी तालुक्यातील राजूर कोळशाच्या खाणीसाठी ओळखले जाते. पण या भागातले शिवार कपाशीचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचे मोठे नुकसान केले. असे का झाले? बीटीच्या विषाने बहुतेक अळ्या मरत. पण ज्या थोड्या अळ्यांच्या जनुकांत अनुकूल बदल होता त्या जगल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली. अशीच निवड आपल्या शरीरातल्या पेशींमध्येही होऊ शकते. अंडाशयाच्या कर्करोगाच्या उदाहरणाने ती समजून घेऊ.

पेशीचे विभाजन होताना डीएनएची नक्कल होते. त्यात राहिलेली चूक म्हणजे उत्परिवर्तन. डीएनएला झालेली इजा दुरुस्त करण्यात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांचा वाटा असतो. प्रत्येकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात. काहींना एक प्रत जन्मतःच सदोष मिळते. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की दुरुस्ती कोलमडते आणि चुका साचू लागतात.

नाव अंडाशयाचे असले, तरी या रोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या आक्रमक प्रकाराची सुरुवात बहुधा अंडवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी होते. तेथील एखाद्या पेशीत टीपी-५३ हे जनुक बिघडते. बिघडलेल्या पेशीला थांबवणे किंवा मरायला लावणे हे त्याचे काम. हा पहारा उठला, की ती पेशी वाढत राहते आणि तिचे वंशज अंडाशयावर रुजतात. त्यांच्यात नवे बदल होतात. जो वंश अधिक तगतो, तो इतरांना मागे टाकतो. कर्करोगाच्या वाढीचे हे उत्क्रांतिवादी स्पष्टीकरण पीटर नोवेल यांनी १९७६ साली मांडले.

औषधांनी बहुतेक पेशी मरतात. पण कधी एखाद्या पेशीत नव्या उत्परिवर्तनाने बीआरसीएचे काम पुन्हा सुरू होते. ती औषधाला दाद देत नाही, आणि रोग उलटतो. बोंडअळीचेच गणित!

एक फरक मात्र लक्षात ठेवू. गाठीतले बदल मुलांकडे जात नाहीत. जन्मजात बीआरसीए दोष जाऊ शकतो. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. दोष मिळाला म्हणजे रोग होणारच, असेही नाही. मात्र तो वडिलांकडूनही येतो. म्हणून घरातल्या आजारांची माहिती डॉक्टरांना देताना आई-मावशीबरोबर आत्या-आजीचाही उल्लेख करावा. आणि पोट सतत फुगणे, थोडे खाल्ल्यावरच भरल्यासारखे वाटणे अशा तक्रारी दोन-तीन आठवडे टिकल्या, तर 'गॅस असेल' म्हणून अंगावर काढू नयेत.