झोप मोडली की दुखणे वाढते

कंबर धरली आहे, गुडघे ठणकतात, मान वळत नाही, ही तक्रार आपल्या धर्मग्रामातील शेतकरी घरांना नवीन नाही. लावणी, भांगलण, ऊसतोड, ओझी वाहणे अशा कामांत अंग दुखायचेच, असे म्हणून आपण ती सोसतो. चार-आठ दिवसांत दुखणे ओसरले तर प्रश्न नाही. पण तीन महिने उलटूनही जे हटत नाही, ते जुनाट दुखणे समजावे. अशा माणसाला सगळे विचारतात, "कुठे दुखते?" "झोप कशी लागते?" असे मात्र क्वचितच कोणी विचारते. आज आम्ही वाचकांचे लक्ष या दुसऱ्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो.

दुखण्याने झोप उडते हे सर्वांना ठाऊक आहे. कूस बदलताना कळ येते आणि रात्र तळमळण्यात जाते. पण झोप नीट न मिळाल्यानेही दुखणे वाढते, हे तितकेच खरे आहे.

कॅनडातील डॉ. हार्वे मोल्डोफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांचे काहीही दुखत नव्हते अशा निरोगी माणसांना त्यांनी रात्री झोपू दिले. मात्र झोप अगदी गाढ झाली की आवाज करून ती उथळ केली. असे सलग तीन रात्री केल्यावर या धडधाकट माणसांचे स्नायू दुखू लागले, दाबले की हुळहुळू लागले. पुन्हा नीट झोप मिळाल्यावर हा त्रास ओसरला.

पुढे २०१२ साली नॉर्वेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील हजारो स्त्रियांची सुमारे दहा वर्षांनी पुन्हा पाहणी केली होती. सुरुवातीला ज्यांना झोपेची तक्रार वारंवार होती, त्यांच्यात फायब्रोमायल्जिया, म्हणजे सर्वांग दुखण्याचा जुनाट विकार, पुढे अधिक प्रमाणात आढळला.

असे का होते? रात्री दारे धरणारा माणूस जसा पाटाचे पाणी कुठे सोडायचे, कुठे अडवायचे ते पाहतो, तसा मेंदू अंगातून येणाऱ्या वेदनेच्या संदेशांवर लक्ष ठेवतो. काही आत घेतो, काही अडवतो. झोप अपुरी पडली की हे अडवण्याचे काम ढिले पडते. मग काल जी कळ सोसवत होती, ती आज सोसवत नाही. दुखण्याने झोप जाते, झोप गेल्याने दुखणे वाढते आणि रहाट फिरत राहतो.

आपल्याकडे या रहाटाला आणखी कारणे आहेत. जिथे पंपाची वीज रात्री येते तिथे शेतकऱ्याला अवेळी उठावे लागते. घरातील बाई सर्वांच्या मागून निजते आणि सर्वांच्या आधी उठते. तिचे अंग दुखते तेव्हा वयाला दोष दिला जातो, तिच्या झोपेचे तास कोणी मोजत नाही.

कधी झोपेचाच स्वतंत्र विकार असतो. कोणी मोठ्याने घोरतो, मध्येच त्याचा श्वास थांबतो आणि दिवसा तो बसल्या जागी पेंगतो. कोणाला रात्री पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. यामागे कित्येकदा रक्तातील लोहाची कमतरता असते. हे डॉक्टरांना सांगावे, उपचार आहेत.

घरी पुढील गोष्टी कराव्यात:

१) निजायला उशीर झाला तरी उठण्याची वेळ शक्यतो रोज एकच ठेवावी.

२) दुपारनंतर चहा व रात्री तंबाखू, मिसरी टाळावी.

३) दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण मध्यरात्रीनंतर ती तुटते. झोपेसाठी दारू घेऊ नये.

४) दिवसा फार तर अर्धा तास पडावे. मात्र रात्री पाणी पाजून आल्यावर दिवसा भरपाईची झोप घेऊ द्यावी. भावाभावांनी, शेजाऱ्यांनी पाळ्या वाटून घ्याव्यात.

५) अंथरुणात बराच वेळ झोप आली नाही तर उठून शांत बसावे व डोळे जड झाल्यावर पुन्हा पडावे.

६) दुखते म्हणून दिवसभर पडून राहू नये. झेपेल तेवढे चालावे, फिरावे.

जुनाट निद्रानाशावर गोळ्यांआधी सवयी व विचार बदलण्याची शिस्तबद्ध पद्धत वापरावी, असा सल्ला अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ साली दिला.

दुकानातून दुखण्याची गोळी आणून रोज रात्री घेण्याची सवय मात्र घातक आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास पोटात व्रण होऊ शकतात व मूत्रपिंडे बिघडू शकतात. उन्हात राबून अंगातील पाणी कमी झालेल्यास हा धोका अधिक. झोपेची गोळीही मनाने घेऊ नये, आणि दारूबरोबर तर कधीच नाही. घोरताना ज्याचा श्वास थांबतो त्यालाही ती धोक्याची ठरू शकते.

दुखण्यासोबत ताप, वजन घटणे, पाय बधिर किंवा लुळा पडणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे यांपैकी काही असेल तर झोपेचे उपाय करीत बसू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

इतरांनी दोन आठवडे एका वहीत टिपण ठेवावे: किती वाजता निजलो, किती वेळा जाग आली, सकाळी दुखणे किती होते. लिहिता येत नसेल तर मुलाबाळांकडून लिहून घ्यावे आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्यावी. औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी त्यांनी ती पाहावी, असा आग्रह धरावा.